एका शिक्क्यातून किती दाम?

मराठीत आपण पैशाला दाम म्हणतो. सावकारी व्याजाचा विषय निघाला की दामदुप्पट हा शब्द हमखास येतो. हा दाम मूळचा ग्रीक. ग्रीकांच्या चांदीच्या नाण्याचं नाव होतं द्राख्मे. आपल्याकडे त्याचं द्रम्म झालं आणि द्रम्माचा झाला दाम. दुसरा शब्द शिक्का. हा अरबी सिक्का. गंमत अशी की अरबीत सिक्का म्हणजे आधी नाणं नव्हतंच. ज्या कोरीव ठशाने नाणं पाडतात, त्या ठशाला सिक्का म्हणत. पुढे त्यातून उमटलेल्या नाण्यालाही तेच नाव मिळालं. मराठीने मात्र जुना अर्थ जपला. तहसील कचेरीत कागदावर आपण आजही शिक्काच मारून घेतो.

दाम आणि शिक्का या दोन शब्दांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एखाद्या राजाने किती नाणी पाडली, हे आज कसं सांगायचं? टांकसाळीच्या वह्या उरलेल्या नाहीत. शिलालेखांत राजाच्या पराक्रमाचं वर्णन असतं, पण चांदी किती वापरली याचा जमाखर्च नसतो. आणि हा आकडा कळल्याशिवाय तर फार काही कळत नाही. सैन्याला पगार रोख मिळत होता की नाही, व्यापार किती पसरला होता, बाजारात सामान्य माणसाच्या हाती नाणं येत होतं की ते फक्त श्रेष्ठींच्या तिजोरीत राहत होतं, हे सगळं त्या आकड्याशी बांधलेलं आहे. म्हणून नाणेशास्त्राच्या अभ्यासकांनी एक वेगळी वाट शोधली. त्यांनी नाणी मोजण्याआधी ठसे मोजायला सुरुवात केली. ग्रीकांच्या चांदीच्या नाण्यांवर या पद्धतीचं सर्वांत जास्त काम झालं आहे. पण ती समजून घ्यायला अथेन्सपर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातलं एक गाव पुरेसं आहे.

सिन्नर तालुक्यात गोदावरीच्या काठी जोगलटेंभी नावाचं गाव आहे. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा एक ठेवा सापडला. थोडीथोडकी नव्हे, सव्वातेरा हजारांच्या आसपास नाणी. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासली आणि १९०८ मध्ये मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांची माहिती प्रसिद्ध केली. ही सगळी नाणी एकाच राजाची होती, क्षहरात क्षत्रप नहपानाची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्या एका राजाने पुन्हा आपला ठसा मारलेला होता. तो राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी.

नहपानाचं नाणं दिसायला लहान. वजन दोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला राजाचा चेहरा आणि त्याभोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपीतली अक्षरं. ग्रीक अक्षरं आहेत, पण भाषा ग्रीक नाही. राजाचं नाव आणि कुळ आपल्या प्राकृतातच सांगितलं आहे, फक्त ते ग्रीक लिपीत लिहिलं आहे. मला एक लेखनवेडा माणूस म्हणून या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. तीन लिप्या, एक नाव आणि तळहाताच्या खळग्यात मावेल एवढी जागा.

ग्रीक अक्षरं इथवर आली कुठून? त्याचं उत्तर 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात मिळतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका दर्यावर्दी व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची ही माहिती लिहून ठेवली. भडोच बंदराबद्दल तो सांगतो की तिथे अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांचे जुने द्राख्मे अजून चालतात. मिनँडर म्हणजे बौद्ध परंपरेतला मिलिंद राजा. तो मरून दोनशे वर्षं होत आली तरी त्याचं नाणं भडोचच्या बाजारात स्वीकारलं जात होतं. ओळखीचं नाणं लोक पटकन घेतात. म्हणून नव्या राजानेही आपलं नाणं त्याच आकाराचं, चेहऱ्याचं आणि ग्रीक अक्षरांचं ठेवलं. या ग्रंथात त्या भागाच्या ज्या राजाचा उल्लेख आहे, तो नहपानच असं बहुतेक अभ्यासक मानतात.

याच ग्रंथात पैठण आणि तेर इथून गाड्यांवर लादून भडोचला माल जात असल्याची नोंद आहे. त्यात कापड होतं, मलमल होती. पैठणहून भडोचकडे निघालेल्या गाडीला डोंगर उतरून तापीचं खोरं ओलांडावंच लागतं. म्हणजे खानदेश लागतोच. चाळीसगावजवळच्या डोंगरातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत पैठणच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापारी घराण्याचं दान कोरलेलं आहे. गिरणेकाठच्या बहाळला आणि तापीकाठच्या प्रकाशाला १९५० च्या दशकात उत्खननं झाली, तेव्हा या जुन्या वस्त्यांचे थर उघडे पडले. नहपानाची चांदी ज्या रस्त्यांवरून फिरली, ते रस्ते आपल्या दारावरून जात होते.

आता नाणं पाडायची रीत पाहू. ऐरणीत एक ठसा घट्ट बसवलेला असे. त्यावर राजाचा चेहरा उलटा कोरलेला. दुसरा ठसा हातात धरायच्या लोखंडी तुकड्याच्या टोकाला. मध्ये वजन केलेली चांदीची चकती ठेवायची आणि वरून घण मारायचा. एका घावात दोन्ही बाजू उमटत. घण थेट वरच्या ठशावर बसतो, म्हणून तो लवकर झिजतो, फुटतो. ऐरणीतला ठसा जास्त टिकतो. ठसा निकामी झाला की कारागीर नवा कोरणार. तो कितीही कसबी असला तरी हाताने कोरलेले दोन ठसे तंतोतंत सारखे होत नाहीत. नाक जरा लांब होतं, कानाजवळची बट वेगळी वळते, एखादं अक्षर काठाबाहेर जातं. त्यामुळे दोन नाणी शेजारी ठेवून बारकाईने पाहिली, तर ती एकाच ठशातली आहेत की वेगळ्या, हे ओळखता येतं.

नुसती सापडलेली नाणी मोजून उत्पादन का कळत नाही? कारण सापडणं हा नशिबाचा भाग आहे. एखाद्या राजाची नाणी हजारोंनी मिळतात, कारण ती पुरणारा माणूस परत आला नाही. दुसऱ्याची मिळत नाहीत, कारण पुढच्या राजाने ती गोळा करून वितळवली. ठशांची संख्या मात्र टांकसाळीत झालेल्या कामाशी जोडलेली असते. जास्त नाणी पाडायची तर जास्त ठसे लागणारच.

पण अडचण अशी की सगळे ठसे तरी आपल्याला कुठे दिसतात? जे ठसे आपल्या हातातल्या नाण्यांवर नाहीत, ते कसे मोजायचे? इथे एक घरगुती उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही पारोळ्याच्या स्टँडवर उभे आहात आणि धुळे–जळगाव मार्गावर एकूण किती एसटी गाड्या धावतात हे तुम्हाला शोधायचं आहे. डेपोत विचारायची सोय नाही. तुम्ही वेगवेगळ्या वेळी जाता आणि समोरून जाणाऱ्या गाडीचा नंबर टिपता. अशा ६० नोंदी झाल्या. पाहिलं तर त्यांत नंबर फक्त १५. म्हणजे त्याच त्या गाड्या पुन्हा पुन्हा येताहेत. मार्गावरच्या जवळपास सगळ्या गाड्या तुम्ही पाहिल्यात, एकूण गाड्या १५ ते २० असतील. पण ६० नोंदींत ४० वेगवेगळे नंबर निघाले तर? मग तुम्ही न पाहिलेल्या गाड्या बऱ्याच आहेत. सगळ्या गाड्या सारख्याच फेऱ्या करत असतील, तर हिशेब सत्तरच्या आसपास येतो. काही गाड्या दणकट आणि काही दोन फेऱ्यांतच बंद पडणाऱ्या असतील, तर तो १२० पर्यंत जातो.

ठशांचंही असंच. काही ठसे दीर्घायुषी, काही पहिल्याच दिवशी तडकणारे. म्हणून अभ्यासक एकच आकडा छातीठोकपणे न सांगता, इतक्यापासून इतक्यापर्यंत असं सांगतो. यात सर्वांत महत्त्वाचे असतात ते एकदाच दिसलेले ठसे. ६० नाण्यांत २४ ठसे असे असतील की ज्यांचं एकेकच नाणं मिळालं, तर पुढचं नाणं अगदीच न पाहिलेल्या ठशाचं निघण्याची शक्यता ६० त २४, म्हणजे शेकडा ४० धरायची. हा नियम दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश उलगडणाऱ्या ॲलन ट्युरिंग आणि आय. जे. गुड या गणितज्ञांच्या कामातून पुढे आला. गुड यांनी तो १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. शत्रूची लिपी फोडताना सुचलेली युक्ती जुनी नाणी मोजायला उपयोगी पडली.

एसटीच्या उदाहरणातला एक धोका इथेही आहे. तुम्ही रोज सकाळी आठलाच स्टँडवर गेलात, तर तीच ती आठची गाडी दिसणार. तसंच एखाद्या ठेव्यातली नाणी टांकसाळीतून निघालेल्या एकाच थैलीतली असतील, तर तेच ठसे वारंवार दिसतील आणि एकूण आकडा फसवा येईल. म्हणून वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या वेळी सापडलेली नाणी एकत्र पाहावी लागतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे यायचं आहे.

ठसे मोजून झाले की दुसरा प्रश्न. एका ठशातून नाणी किती निघत? याचं उत्तर दोन वाटांनी शोधलं गेलं. पहिली वाट ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवस्थानाची. तिथले खजिनदार आपला हिशेब दगडावर कोरून ठेवत. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात तिथे जुनी चांदी वितळवून नवी नाणी पाडली गेली, तिच्या रकमा त्या दगडांवर आहेत. आणि त्या नाण्यांचे ठसे आज मोजता येतात. फिलिप किन्स या अभ्यासकाने १९८३ मध्ये दोन्हींची सांगड घातली, तेव्हा ऐरणीवरच्या एका ठशामागे तेवीस हजारांपासून सत्तेचाळीस हजारांपर्यंत नाणी पडतात असं दिसलं. दुसरी वाट प्रत्यक्ष प्रयोगाची. डेव्हिड सेलवुड यांनी १९६३ मध्ये जुन्या पद्धतीचे ठसे करून स्वतः नाणी पाडून पाहिली. चकती तापवून घेतली तर खालच्या ठशातून दहा ते सोळा हजार नाणी निघू शकतात, असा त्यांचा अंदाज आला.

या दोन आकड्यांतली तफावत पाहून काहींना हा सगळा प्रकारच हवेतला वाटला. थिओडोर बटरी या नामवंत नाणेतज्ज्ञांनी १९९३ मध्ये असले हिशेब म्हणजे कल्पनेचे खेळ आहेत अशी कडक टीका केली. ठसा झिजेपर्यंत वापरला गेला असं कशावरून, राजाला दोनच हजार नाणी हवी असतील तर, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्तच आहे. त्यावर फ्रान्स्वा द कालाताय यांच्यासारख्या अभ्यासकांनी उत्तर दिलं की नेमका आकडा मिळत नसला तरी तुलना करता येते. एका राजाला दहा ठसे लागले आणि दुसऱ्याला हजार, तर दोघांच्या खर्चात मोठं अंतर होतं एवढं नक्की. इतिहासात असं अर्धं उत्तरही पुष्कळ असतं.

आता हे गणित घेऊन नाशिकच्या पांडवलेण्यांत जाऊ. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. बेचाळिसाव्या वर्षी त्याने तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून दिले. त्यातले दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळायचे. हिशेब करून पाहा. दोन हजारांचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस आणि वीस भिक्षूंचे बारा बारा मिळून दोनशे चाळीसच. पैचीही चूक नाही. त्याच लेखात देव आणि ब्राह्मण यांना दिलेल्या सत्तर हजार कार्षापणांचा उल्लेख आहे, पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण या दराने दोन हजार सुवर्ण.

हे कार्षापण म्हणजे नहपानाचीच चांदीची नाणी, असं अनेक विद्वान मानतात. ते धरून चाललं तर सत्तर हजार नाण्यांची चांदी होते एकशे चाळीस किलोच्या घरात. आणि एका ठशाला दहा ते वीस हजार नाणी धरली, तर एवढ्या मोठ्या दानाला ऐरणीवरचे चार ते सात ठसे पुरले असते. जोगलटेंभीची सव्वातेरा हजार नाणी तर एक-दोन ठशांतच पडली असती. प्रत्यक्षात त्या ठेव्यातले राजाचे चेहरे एकमेकांशी जुळतच नाहीत. कुठे तरुण, कुठे वयस्क, कुठे नाक बाकदार, कुठे सरळ. स्कॉट यांनाही हा फरक जाणवला होता. काहींनी ते घराण्यातल्या वेगवेगळ्या पुरुषांचे चेहरे मानले. काहींनी तो कारागिरांच्या हातांतला फरक मानला. अर्थ कोणताही घ्या, ठसे पुष्कळ होते हे उघड आहे. ऐरणीवरचे दोनशे ठसे होते असं नुसतं समजा. मग नाणी वीस ते चाळीस लाख होतात आणि चांदी चार ते आठ टन. हा आकडा उदाहरणाचा आहे. पण त्यावरून जोगलटेंभीचा ठेवा मूळ साठ्यापुढे किती लहान असू शकतो, हे लक्षात येतं.

एवढी चांदी आली कुठून? आपल्या देशात चांदीच्या खाणी मोजक्याच. पेरिप्लसचा लेखक सांगतो की रोमन सोन्या-चांदीची नाणी भडोचला आणली तर इथल्या नाण्यांशी बदलताना नफा होतो. म्हणजे बाहेरची चांदी इथे उतरत होती आणि बदल्यात दख्खनचं कापड बाहेर जात होतं. नहपानाचे ठसे मोजणं म्हणजे एका परीने इथल्या विणकरांच्या मागांची खटखट मोजणं आहे.

मग गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला. क्षहरातांचा वंश त्याने निःशेष केला, असं त्याची आई गौतमी बलश्री हिच्या नाशिकच्या लेखात म्हटलं आहे. पण नाणी त्याने नष्ट केली नाहीत. वितळवायची तर सरपण लागतं, थोडी चांदी वाया जाते, पुन्हा वजनाच्या चकत्या कराव्या लागतात. त्यापेक्षा जुन्या नाण्यावरच एक घाव घालणं स्वस्त. एका बाजूला तीन कमानींचा चैत्य आणि आपलं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैनी चिन्ह. घाईत मारलेल्या त्या ठशाखालून नहपानाचं नाक डोकावतं, काठावर ग्रीक अक्षरं तशीच राहिलेली दिसतात. वंश संपला असं आईचा लेख सांगतो आणि मुलाच्या नाण्यावर तो चेहरा अर्धामुर्धा शिल्लकच आहे. शिवाय ठेव्यात तीन-चार हजार नाणी दुसरा ठसा न मारलेलीही होती. ज्याने ही पुंजी पुरली, त्याच्या लेखी दोन्ही प्रकारची चांदी सारख्याच मोलाची होती. राजे बदलले, तरी बाजाराने जुनं नाणं एका दिवसात टाकून दिलं नाही.

हे सगळं आपल्याला कळलं, कारण जोगलटेंभीचा ठेवा वितळण्याआधी कुणीतरी नीट पाहिला. आपल्याकडे नांगरताना, विहीर खणताना, जुना वाडा पाडताना नाणी निघतात. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्था जुनी साधनं जपत आल्या आहेत. पण सापडलेलं प्रत्येक गाडगं अशा ठिकाणी पोचत नाही. कायद्याच्या भीतीने माणूस गप्प बसतो आणि चांदी मुशीत जाते. खरं तर १८७८ चा निखात निधीचा कायदा वाटतो तितका कोरडा नाही. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पण सापडणाऱ्याचा हक्क त्यात मानलेला आहे. सरकारने ठेवा घेतला, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची त्यात तरतूद आहे.

ठेवा विकला गेला तर नाणी निदान कुठल्या तरी कपाटात राहतात. पण कुठल्या गावी, कुठल्या भांड्यात, कशाबरोबर सापडली ही माहिती तुटते. आणि मघाशी पाहिलं की वेगवेगळ्या गावांतले ठेवे शेजारी ठेवल्याशिवाय ठशांचा हिशेब खरा होत नाही. एका गावाची नोंद हरवली की तेवढा हिशेब लंगडा होतो. म्हणून नाणी निघाली तर ती घासूनपुसून चकचकीत करू नयेत. घासताना ठशाच्या बारीक खुणाच आधी जातात. मोजावीत, आहेत तशीच राहू द्यावीत आणि कळवावीत.

टांकसाळीतले ते लोखंडी ठसे झिजून, गंजून कधीच संपले. त्यांची ओळख फक्त नाण्यांवर उरली आहे. काही ठशांची शेकडो नाणी असतील, एखाद्या ठशाचं मात्र एकच. आपल्या शेतात निघालेलं नाणं या दोहोंतलं कुठलं आहे, हे सराफाच्या तराजूला कळत नाही. ते एकुलतं एक असेल आणि मुशीत गेलं, तर दोन-अडीच ग्रॅम चांदी हाती येते आणि एक ठसा कायमचा हिशेबातून जातो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)